जुनी टर्बो गाडी मॉडिफाय करायची आहे? मग ‘तयार’ गाडी घेऊ नका

तुमचा प्रश्न मी असा समजलो: सांगलीत राहता, सगळं मिळून दहा लाख हाताशी आहेत, जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेऊन ती दोन-तीन वर्षांत सावकाश तयार करायची आहे. यादीत स्कोडा लॉरा आरएस, फियाटची अबार्थ पुंटो आणि फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (टीएसआय म्हणजे स्कोडा-फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल इंजिन) आहेत. शिवाय पुण्यातली एक लॉरा आरएस मनात भरली आहे. ‘स्टेज टू’ केलेली, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रॅमसोबत पार्टही बदललेली: डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप), इनटेक, मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) सगळं बसवलेलं. मालक म्हणतो, अडीच लाखांचं काम तुम्हाला फुकटात मिळतंय. घ्यावी का?

नाही. पाहायलासुद्धा जाऊ नका, कारण पाहिली की घ्याल. असल्या गाडीचा आवाज ऐकल्यावर माणूस सर्व्हिसची बिलं मागायला विसरतो.

कारण सांगतो. कुठलीही कंपनी टर्बो इंजिनातली सगळी ताकद बाहेर काढून देत नाही. तेच इंजिन मे महिन्यातल्या नागपुरात, पंपावरच्या साध्या पेट्रोलवर, ऑइल बदलायचं विसरणाऱ्या मालकाच्या हातीही लाखभर किलोमीटर चाललं पाहिजे, या हिशेबाने बूस्ट (टर्बो हवा किती दाबाने भरतो ते) आणि इग्निशन (ठिणगी कधी पडते ते) बेतलेलं असतं. ही कंपनीने इंजिनात ठेवलेली मुदत ठेव समजा. रिमॅप, म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम (‘फाइल’) बदलून ताकद वाढवणं, हे ती ठेव मोडणंच. मोडायला हरकत नाही, माझं पोट त्यावरच चालतं. पण आधीच्या मालकाने ती मोडून खाल्ली असेल तर तुमच्या हाती नुसतं पासबुक येतं. चेन ताणलेली, टर्बोचं बेअरिंग ढिलं, क्लच संपत आलेला, आणि ते सगळं का संपलं याचा हिशेब द्यायला कुणी नाही. फाइल कुणी लिहिली, कुठल्या पेट्रोलसाठी लिहिली, तेही कळत नाही. त्या अडीच लाखांतले पार्ट पुढच्या मालकाला क्वचितच हवे असतात, म्हणून ते ‘फुकट’ मिळतात.

म्हणजे जुनी टर्बो गाडी तपासताना एकच शोधायचं: शिल्लक किती उरली आहे?

आता तुमची यादी. लॉरा आरएस आपल्याकडे २०११ मध्ये आली. युरोपात त्या पिढीच्या ऑक्टेव्हिया आरएसला २.० लिटरचं २०० पीएसचं इंजिन होतं. आपल्याला तोच बॅज १.८ टीएसआयवर मिळाला, १६० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. हेच इंजिन आणि हेच आकडे साध्या लॉरा १.८ टीएसआयमध्ये होते, आणि त्या काळच्या सुपर्ब १.८ मध्येही. आरएसचे बंपर, सीट, चाकं आणि सस्पेन्शन वेगळं. सीट खरंच सुरेख आहेत, ते मान्य. पण बॉनेटखाली काही वेगळं नाही.

म्हणून यादीत चौथं नाव घाला आणि ते सगळ्यात वर लिहा: साधी लॉरा १.८ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. ही गाडी डॉक्टरांनी, सीए लोकांनी, कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी नवी घेतली, बरीच वर्षं शोरूमलाच सर्व्हिसला नेली आणि रविवारी सहकुटुंब नृसिंहवाडीला नेली. तिच्या मागे पोरं लागत नाहीत, म्हणून भावही शांत असतो. सस्पेन्शन तुम्ही बदलणारच आहात, मग आरएसचं जुनं, थकलेलं सस्पेन्शन जास्त पैसे देऊन कशाला घ्यायचं? आरएसच हवी असेल तर एवढं करा. साध्या लॉरावर बॅज आणि बंपर चढवून ती आरएस म्हणून विकायला फारसं काही लागत नाही, तेव्हा आरसीवरचं मॉडेलचं नाव वाचा आणि चॅसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून व्हेरिएंट तपासून घ्या. या लॉरा तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडल्या गेल्या. महाराष्ट्रातच सर्व्हिस झालेल्या गाड्या भरपूर आहेत. दूरच्या राज्यातून आणायची गरज नाही.

अबार्थ पुंटोबद्दल मला ममत्व आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ९.९५ लाख एक्स-शोरूमला आली, रांजणगावात बनलेली, १.४ टी-जेट, १४५ पीएस, २१२ न्यूटन-मीटर, चारही चाकांना डिस्क, हायड्रॉलिक स्टिअरिंग. आंबोली घाटात ते स्टिअरिंग हातात धरलं की रस्त्याचा प्रत्येक दगड कळतो. आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये ती मजा नाही. शिवाय तिच्यात पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी धरत नाही. अडचण दुसरीच. बीएस-६ येण्याआधीच पुंटो-लिनियाचं दुकान भारतात बंद झालं. इंजिनाचे पार्ट अजून जमवता येतात, पण बंपर, हेडलाइट, दाराच्या काचा अशा गोष्टींसाठी आधी माणसं शोधावी लागतात, मग पार्ट. आहे तशी ठेवून चालवायची असेल तर अबार्थ घ्या. तयार करायची असेल तर लॉरा. तुम्ही मॉडिफाय म्हणालात, म्हणून लॉरा.

पोलो जीटी टीएसआय, म्हणजे चाकणची १.२, गाडी गोड आहे, गिअरबॉक्स नाही. तो सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक, डीक्यू२००. त्याची क्षमताच २५० न्यूटन-मीटरची. गाडी मुळात १७५ ची, त्यामुळे कागदावर जागा दिसते, पण पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये सरकत सरकत तापलेल्या दहा वर्षांच्या क्लचला तो कागद माहीत नसतो. मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्स चालवणारं कंट्रोल युनिट) गेलं तर तुमचं मॉडिफिकेशनचं बजेट तिथेच संपलं. पोलोच हवी तर २०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल पाहा. आणि कुणी ऑक्टेव्हिया आरएस ‘स्वस्तात’ देतो म्हणाला तर फोन ठेवा. २०१७ ची २३० पीएसची किंवा २०२० मध्ये फक्त २०० नग आलेली २४५, दोन्ही तुमच्या बजेटमध्ये चांगल्या अवस्थेत मिळणार नाहीत.

तर लॉरा पाहायला जायचं ठरलं. मालकाला आदल्या दिवशी सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर चहा घ्या, नमस्कार करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. गरम इंजिन सगळं लपवतं.

थंड इंजिन सुरू होताना पहिले एक-दोन सेकंद समोरून, पट्ट्याच्या बाजूने, खडखड ऐकू येते का ते पाहा. या १.८ टीएसआयची टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी) ही तिची सगळ्यात महाग खोड आहे. चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद असताना दाब नसतो, तेव्हा त्याला एक दातेरी खटका धरून ठेवतो. सुरुवातीच्या टेन्शनरमध्ये तो खटका सुटायचा, चेन दाते ओलांडायची आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळायचे. नंतर सुधारित टेन्शनर आला. तो बसवल्याचं बिल मालकाकडे असेल तर त्या बिलाचे दहा-वीस हजार जास्त द्यायला मी तयार होईन. बिल नसेल तर मेकॅनिकला खालच्या टायमिंग कव्हरवरचं रबरी बूच काढून बघायला सांगा. तिथून टेन्शनर किती बाहेर आला आहे ते दिसतं. स्कॅनर लावून कॅमशाफ्टची अ‍ॅडॅप्टेशन व्हॅल्यूही वाचता येते. ती शून्यापासून लांब गेली असेल तर चेन ताणलेली आहे. आणि घेतल्यावर चेन बदलेपर्यंत गाडी चढावर नुसत्या गिअरवर उभी करू नका. गाडी मागे रेलली की इंजिन उलटं फिरू पाहतं आणि टेन्शनर नेमका तेव्हाच दगा देतो. हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा.

दुसरी खोड ऑइल पिण्याची. या पिढीच्या १.८ आणि २.० टीएसआयमध्ये पिस्टनच्या ऑइल रिंगा पातळ आणि ऑइल परत जायची छिद्रं बारीक, ती काजळीने तुंबतात. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल गेलं तरी कंपनी त्याला चालण्यासारखं मानते. मी मानत नाही, निदान जिच्यावर बूस्ट वाढवायचं आहे अशा गाडीत तरी. ज्वलनात ऑइल मिसळलं की पेट्रोलचा ऑक्टेन (नॉकिंगला तोंड देण्याची क्षमता) घसरतो आणि नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी ज्वलन, सुरू होतं. म्हणजे रिमॅपमधून जे मिळवायचं ते कॉम्प्युटर इग्निशन मागे खेचून परत घेतो. मालकाला सहज विचारा, ‘सर्व्हिसच्या मधे ऑइल टाकावं लागतं का?’ प्रामाणिक माणूस आकडा सांगतो. डिकीत ऑइलचा अर्धा डबा दिसला तर तो आकडा डबाच सांगतो. सायलेन्सरच्या तोंडातली काळी काजळी कोरडी असावी, तेलकट नको.

टर्बोचं तोंड उघडून बघणं शक्य असेल तर बघा. इनटेकचा होज काढून चाक बोटाने हलवा: आडवा किंचित खेळ असतो, तो ऑइलच्या थराचा, पुढे-मागे मात्र काहीच हलता कामा नये. पात्यांच्या कडा तुटलेल्या असतील तर त्या गाडीवर कधीतरी फिल्टर नीट बसवलेला नव्हता, किंवा उघडा फिल्टर लावून तिला धुळीतून हाकलेलं आहे. गाडी गरम झाल्यावर दोन-तीन मिनिटं नुसती सुरू ठेवा आणि मग एकदम रेज द्या. मागून निळा धूर आला तर टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्हचं सील गेलंय. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा ओलावा असतोच, घाबरू नका. वाहण्याइतकं असेल तर घाबरा.

क्लचची परीक्षा सोपी. मोकळा रस्ता बघून चौथ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वेगाच्या पुढे पळाला तर क्लच घसरतोय. मूळ ताकदीवर घसरणारा क्लच रिमॅपनंतर महिनाही टिकणार नाही. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको. कमी आरपीएमला पूर्ण लोड देणं या थेट पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांना मानवत नाही. पिस्टनची चिरफाड करणारं अवेळी ज्वलन नेमकं तिथेच होतं.

वॉटर पंपाच्या आसपास गुलाबी वाळलेले डाग, आळशी आयडलिंग, मधूनच मिसफायर: यातलं पहिलं म्हणजे प्लॅस्टिकचं थर्मोस्टॅट हाउसिंग गळतंय, बाकीची दोन बहुधा इनटेक व्हॉल्व्हवरच्या कार्बनची लक्षणं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. अक्रोडाच्या टरफलांचा बारीक भुगा हवेच्या दाबाने मारून ते साफ करतात. ही देखभालच आहे, किमतीत धरा आणि पुढे चला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मात्र मोजून घ्या. चार सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक असेल तर सौदा संपला.

आता खरा खेळ: ‘एकदम स्टॉक आहे साहेब’ म्हणणारी गाडी. विकायच्या आधी पार्ट उतरवून मूळ पार्ट परत बसवणं सर्रास चालतं. ते कसं पकडायचं? कंपनीच्या होजवर स्प्रिंगचे क्लॅम्प असतात. तिथे पेचाचे क्लॅम्प दिसले तर कुणीतरी हात घातलाय. इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या डब्याच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे आहेत का बघा. काही फाइली डबा उघडूनच टाकाव्या लागतात. ए-पिलरच्या प्लॅस्टिकवर बूस्ट गेज बसवल्याची भोकं किंवा डिंकाचे डाग. स्पार्क प्लग मूळ नंबरचे नसून एक पायरी थंड. एक्झॉस्टचे नट चकचकीत आणि बाकी सगळं गंजलेलं. सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) आतून पोकळ. आणि शेवटचा, सगळ्यात कामाचा उपाय: गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव ऑनलाइन शोधा. गेल्या वर्षभरात त्याने लॉराचा डाउनपाइप विकायला काढला असेल, तर स्टॉकची गोष्ट तिथेच संपली.

रिमॅप झालेली म्हणून गाडी आपोआप वाईट ठरत नाही. साधी स्टेज वन फाइल (फक्त प्रोग्रॅम बदललेला, पार्ट मूळचेच), दर साडेसात हजार किलोमीटरला ऑइल, बिलांची फाइल आणि लपवाछपवी न करणारा मालक, अशी गाडी मी आनंदाने घेईन. खोटं बोलणाऱ्याची स्टॉक गाडीही घेणार नाही.

कागद थोडक्यात. आरसीवर कर्जाचा बोजा चढलेला असेल तर बँकेचं फॉर्म ३५ आणि एनओसी आल्याशिवाय टोकनपेक्षा जास्त पैसे देऊ नका. ई-चलनं तपासा. इन्शुरन्सचा क्लेम इतिहास मागा. सर्व्हिस सेंटरची नोंद मीटरशी जुळते का पाहा. दिल्ली पासिंगची लॉरा स्वस्त दिसते, कारण तिथे १५ वर्षं झालेल्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. ती इथे आणून महाराष्ट्राचा कर भरला की स्वस्ताई संपते. आणि वय मोजा: २०११ ची गाडी २०२६ मध्ये १५ वर्षांची होते. मग पुनर्नोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर आला. त्या तपासणीला सायलेन्सर ओरडत नेता येणार नाही.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेला डाउनपाइप पीयूसीला आणि कायद्याला दोन्हीकडे अडकतो, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला मी तो बसवत नाही. इन्शुरन्स कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला बरोबर दिसतो. वेग काढायचा तर ट्रॅकवर काढा. कोइम्बतूर आणि चेन्नईला ट्रॅक आहेतच, अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यतीही झाल्या आहेत. पुणे-बेंगळुरू हायवेवर नको. तिथे रात्री विनादिव्यांचे ऊसाचे ट्रॅक्टर असतात, हे तुम्हाला सांगलीकराला मी काय सांगणार.

दहा लाखांची वाटणी मी अशी करेन. गाडीसाठी सहा, फार तर साडेसहा. लगेच दीड लाख बाजूला: चेन आणि टेन्शनर, वॉटर पंप, सगळी ऑइलं, प्लग, कॉइल, कार्बन सफाई, इंजिन माउंट. त्यानंतर टायर आणि ब्रेक. गाडी १२० च्या वेगावरून सरळ रेषेत थांबत नसेल तर तिला १६० वर नेण्यात कसलं कौतुक? मग सस्पेन्शन, सांगलीच्या रस्त्यांचा विचार करून, इंचभरसुद्धा खाली न करता फक्त चांगले डॅम्पर. क्लच गरजेप्रमाणे. उरलेल्यात इंटरकूलर आणि अगदी शेवटी रिमॅप. लोक हा क्रम बरोबर उलटा करतात, कारण रिमॅप एका दुपारी होतो आणि लगेच जाणवतो.

पहिले तीन महिने गाडी आहे तशी चालवा. ऑइल किती पिते, पाणी कमी होतं का, स्कॅनरमध्ये काय येतं हे तेवढ्यात कळतं. मग स्टेज वन. १.८ टीएसआयवर मूळ टर्बोने दोनशे पीएसच्या आसपास आणि तीनशे न्यूटन-मीटर मिळालं तर समाधान माना. ट्यूनरला आधीच सांगा की फाइल तुमच्या भागात रोज मिळणाऱ्या पेट्रोलसाठी लिहायची. १०० ऑक्टेन मोजक्या शहरांत, मोजक्या पंपांवर मिळतं. त्यासाठी लिहिलेली फाइल मिरजेच्या पंपावर नॉक करेल. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. त्याने ऑक्टेन वाढतो, पण लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, म्हणजे तेवढं जास्त पेट्रोल पंपाने आणि इंजेक्टरने पुरवलं पाहिजे. जुन्या लॉराचा हाय प्रेशर पंप ते पुरवतो का, हे फाइल टाकण्याआधी बघायचं असतं.

काम झाल्यावर डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) आलेखाने भुलू नका. तो पंख्यासमोर, एका धावेत काढलेला असतो. तुम्ही लॉग (चालत्या इंजिनाच्या नोंदी) मागा: तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर, लागोपाठ तीन धावांचा, दुपारच्या उन्हात घेतलेला. त्यात मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं बूस्ट, इनटेकच्या हवेचं तापमान, फ्युएल रेलचा दाब आणि चारही सिलिंडरमध्ये नॉकमुळे मागे खेचलेलं इग्निशन, एवढं दिसलं पाहिजे. तिसऱ्या धावेत एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा वाढत चालला असेल तर बूस्ट कमी करून घ्या. लॉग द्यायला का-कू करणाऱ्याला मूळ फाइल परत टाकायला सांगा, आणि त्या मूळ फाइलची प्रत स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नका.